दहावीचे उन्हाळी वर्ग: शाळेत की मोबाइलवर?

महालची गणितवाली
मे महिन्यातले दहावीचे जादा वर्ग ऑनलाइनच घ्या, असा आमच्या पालकसभेत आग्रह झाला. कारण ऊन. नागपूरचा पारा मेमध्ये 45 पर्यंत चढतो, हे इथं कोणाला सांगायला नको. तरी माझं मत ठाम आहे: सकाळी 7 ते 9 वर्ग शाळेतच भरवा, निदान भूमितीचा तरी. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची तर आधी लंबदुभाजक लागतो. कंपासमध्ये अंतर रेषाखंडाच्या निम्म्यापेक्षा कमी घेतलं की कंस एकमेकांना छेदतच नाहीत. पोरगं गोंधळतं, खोडतं आणि अंदाजानं रेघ मारून मोकळं होतं. बाकांमधून फिरताना मला ते तिथंच दिसतं, तिथंच विचारता येतं, ‘कंस का नाही छेदले?’ ऑनलाइन दिसतो तो चेहरा, तोही कॅमेरा सुरू असला तर. वहीचा फोटो येतो तोवर रेघ मारून झालेली असते.

हिंगणा रोड
मॅडम, तुमचा वर्ग 9 ला सुटला की माझी मुलगी सायकलनं 10 ला घरी पोचणार. तोवर ऊन डोक्यावर येतं. शिवाय 60 मुलांत तुम्ही किती वह्यांपर्यंत पोचता? पहिल्या दोन बाकांवरची पोरं विचारतात, बाकीची माना डोलावतात. माझी पोर वर्गात तोंड उघडत नाही. घरी मात्र बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करते, दीक्षा अॅपवरचा व्हिडिओ अडेल तिथं थांबवते, परत लावते. सरांना तिसऱ्यांदा ‘पुन्हा सांगा’ म्हणायची तिची छाती होत नाही.

उमरेडकर
भाऊ, थांबवून पाहाले फोन हातात पाहिजे ना! आमच्याकडे घरात एकच, तो बाप कामावर घेऊन जाते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पोट्टे शेजाऱ्याच्या फोनवर वर्ग करत होते. वर्ग कायचा, हजेरीच लागे. ते पुन्हा नको.

सीताबर्डी
कॉलेजात तर हे केव्हाच स्वीकारलंय. 2021 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून करता येतात. शाळेलाच एवढं वावडं का?

महालची गणितवाली
कॉलेजातल्या पोरानं विषय स्वतः निवडलेला असतो, त्याला अडलेलं शोधताही येतं. पंधरा वर्षांच्या पोराला आपण कुठं अडलो हेच पुष्कळदा कळत नाही. हिंगणा रोड, 60 वह्या एका दिवसात होत नाहीत, हे मान्य. म्हणून तर समजावण्याचा भाग खुशाल व्हिडिओवर जाऊ द्या. शाळेचे दोन तास फक्त वहीवर काम, तीसच्या दोन तुकड्या करून.

हिंगणा रोड
तीसची तुकडी असेल तर पाठवीन, पण आठवड्यातून दोनच दिवस. वर्गही सहाला भरवा, आठला सोडा. रोज या म्हणाल तर माझा नकारच.