मदत हवी आहे: विद्यापीठाची लेखाशीर्षं नव्याने बांधताना निधी आणि प्रकल्प यांची सांगड कशी घालावी?

मंडळी,

मी एका राज्य विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागात काम करतो. येत्या १ एप्रिलपासून लेखाशीर्षांचे (जमा-खर्च ज्या खात्यांखाली नोंदवतात त्यांचे) क्रमांक नव्याने पाडायचं ठरलं आहे आणि मसुद्याचं काम आमच्या गटाकडे आलं आहे. शासकीय लेखे, लेखापरीक्षण किंवा ईआरपी (संस्थेचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली) यांत काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

सध्या अंदाजपत्रकातला एकच क्रमांक तीन गोष्टी सांगतो: खर्च कशावर, कोणत्या विभागाचा आणि कुणाच्या पैशातून. रसायनशास्त्राचा प्रवासभत्ता एक शीर्ष, भौतिकशास्त्राचा दुसरं, त्याच विभागाच्या विनाअनुदानित अभ्यासक्रमाचा तिसरं. नवी योजना आली की यादीच्या शेवटी आणखी एक क्रमांक. त्यामुळे अधिसभेत (सिनेटमध्ये) कुणी "विजेवर एकूण किती खर्च झाला?" एवढंच विचारलं, तरी एक्सेलमध्ये कितीतरी शीर्षं हाताने जुळवावी लागतात. पैसा शासनाचा आणि विद्यार्थ्यांच्या शुल्काचा आहे. असं उत्तर तिथल्या तिथे देता आलंच पाहिजे.

शासनाची लेखाशीर्षांची १५ अंकी पद्धत (सहा टप्पे: ४+२+३+२+२+२ अंक) जशीच्या तशी घ्यावी, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. त्या पद्धतीत विद्यापीठांचं सहाय्य २२०२-०३-१०२ खाली दिसतं, पण ती बांधणी शासनाच्या कामांसाठी आहे. परीक्षा शुल्क, वसतिगृहाची अनामत, सुवर्णपदकांच्या देणग्या यांना तिथे धड जागा मिळत नाही. शेवटच्या दोन अंकांतले ३१ (वेतनेतर), ३५ (भांडवली मत्ता) आणि ३६ (वेतन) हे अनुदानाचे भेद मात्र सांभाळावेच लागतील, कारण उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) देताना तेच लागतात.

आमचा मसुदा असा: निधी (पैसा कुणाचा) २ अंक, विभाग ४, लेखाशीर्ष ५, प्रकल्प ४. लेखाशीर्षाने फक्त 'कशावर' एवढंच सांगायचं. विभागाच्या क्रमांकात विद्याशाखा गुंफायची नाही, यावर मी ठाम आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने सगळ्या विद्याशाखा चार गटांत आणल्या, तेव्हा विद्याशाखेवर बेतलेले आमचे जुने क्रमांक निरर्थक झाले. कोणता विभाग कोणत्या शाखेत हे वेगळ्या तक्त्यात ठेवलं, तर उद्या पुन्हा फेरबदल झाला तरी क्रमांकाला हात लावावा लागणार नाही.

अडलं आहे ते निधी आणि प्रकल्पापाशी. प्रत्येक निधीचा स्वतंत्र ताळेबंद निघायला हवा, म्हणजे प्रत्येक व्हाउचर निधीच्या आतच नावे-जमा जुळलं पाहिजे. पण संशोधन प्रकल्पाचा हप्ता लांबला की संशोधन सहायकाचं मानधन सर्वसाधारण निधीतून दिलं जातं. तिथे आंतरनिधी येणे-देणे (एका निधीचं येणं, तेच दुसऱ्याचं देणं) अशी जोडशीर्षं उघडून नोंद आपोआप पडावी, असं मला वाटतं. कुणी हे प्रत्यक्षात चालवलं आहे का? वर्षअखेरीस ती शीर्षं शून्यावर आणायला त्रास होतो का?

दुसरं म्हणजे, प्रकल्प ठरला की त्याचा निधी आणि विभाग आपसूक ठरतात. मग व्हाउचरवर तिन्ही भरायला लावायचे, की फक्त प्रकल्प क्रमांक घेऊन बाकीचे दोन प्रणालीने उचलायचे? तिन्ही भरायला लावले तर विसंगती होणारच. पण दोन विभागांच्या संयुक्त प्रकल्पात विभाग आपोआप कसा ठरणार?

भर: टॅली या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये लेजर (खातं) आणि कॉस्ट सेंटर (खर्च कोणत्या विभागाचा हे दाखवणारी खूण) वापरून भागेल, असं खाली दोघांनी सुचवलं आहे, आभार. विभागासाठी ते चालेल. निधीला मात्र कॉस्ट सेंटर अपुरं वाटतं, कारण बँक शिल्लक, ठेवी आणि अनामतही निधीनिहाय दाखवाव्या लागतात.

जुन्या शीर्षांचा मेळ कसा घातला, हेही कुणी सांगितलं तर फार मदत होईल. आमच्या एका जुन्या शीर्षातला खर्च नव्या तीन-चार शीर्षांत विभागला जातो, आणि अंदाजपत्रकात मागच्या वर्षांचे आकडे शेजारी दाखवायचे असतात. मागचे व्यवहार फोडून नव्याने वर्गीकृत केलेत, की पहिल्या वर्षी तुलना फक्त एकूण गटांच्या पातळीवर दाखवलीत? लेखापरीक्षकांनी यातलं काय मान्य केलं?