शॉर्ट रनची खूण हुकली आणि संपलेला सामना पुन्हा सुरू झाला

प्रश्न (वहीवाली स्कोअरर):
रविवारी 20 ओव्हरच्या सामन्यात माझ्या हातून चूक झाली आणि ती अजून डोक्यातून जात नाहीये. पहिल्या संघाच्या 130 धावा. पाठलागात माझ्या वहीत 131 झाले तेव्हा नऊ बाद होते आणि चार चेंडू शिल्लक. मी "झालं" म्हणून सांगितलं, सगळे हात मिळवत बाहेर आले. तेवढ्यात शेजारी मोबाईलवर स्कोअर ठेवणारा म्हणाला, "माझ्याकडे 130च आहेत."

फरक निघाला चौदाव्या ओव्हरमध्ये. दोघं दोन धावा पळाले, मी मान खाली घालून 2 लिहिले. पंचांनी हात दुमडून बोटांची टोकं खांद्याला लावली होती, म्हणजे शॉर्ट रन: पळताना फलंदाज क्रीजपर्यंत पोचला नाही, म्हणून दोनातली एक धाव धरायची नाही. ती खूण शेजाऱ्याने बघितली आणि बघितल्याची पोच म्हणून हात वर केला. मी बघितलीच नाही. पुढच्या चेंडूला स्ट्राइकवर तोच फलंदाज, त्यामुळे शंकाही आली नाही.

पंचांनी दोन्ही संघांना परत बोलावलं. पहिल्याच चेंडूवर शेवटचा गडी बोल्ड. सामना टाय. कप्तान एवढंच म्हणाला, "ताई, एक धाव हवी आहे हे आधी कळायला हवं होतं." त्याचं खरंच आहे.

मैदान सोडल्यावर असं परत बोलावता येतं का? आणि मी डावाच्या शेवटी बेरजा पडताळते, त्यात हे का सापडलं नाही?

उत्तर (क्लब सामन्यांचा पंच):
येतं, आणि त्या पंचांनी बरोबर केलं. क्रिकेटच्या नियमांतला नियम 16 बघा. संघ बाहेर आल्यावर निकाल बदलणारी चूक सापडली आणि शेवटी खेळणाऱ्या संघाचा डाव, ओव्हर दोन्ही शिल्लक असतील, तर खेळ पुन्हा सुरू करायचा. कुणी हार मान्य केली तरच नाही. मात्र पंचांनी स्कोअररबरोबर आकडे एकदा नक्की केले की निकाल बदलत नाही. तुमचा शेजारी वेळेवर बोलला म्हणून निभावलं.

सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका. स्कोअर बरोबर आहे ना, हे बघणं नियम 2 प्रमाणे आम्हा पंचांचं काम आहे. एका स्कोअररने पोच दिली की नियम पुरा होतो, पण मी दोघांचे हात दिसेपर्यंत बोटं खांद्यावरून काढत नाही. शॉर्ट रनची खूण चेंडू डेड झाल्यावर, म्हणजे त्या चेंडूवरचा खेळ थांबल्यावर येते, आणि नेमकी तेव्हाच स्कोअररची मान वहीत असते.

उत्तर (जुना स्कोअरर):
बेरीज का फसली ते सांगतो. तुम्ही फलंदाजाला 2 दिले आणि गोलंदाजावरही 2 मांडले. चूक दोन्ही बाजूंना सारखी गेली, मग वही जुळणारच! आडवी-उभी बेरीज मांडणीतली चूक पकडते, न दिसलेली खूण पकडत नाही. ती फक्त दुसऱ्या स्कोअररच्या आकड्यातून सापडते.

म्हणून दर ओव्हरनंतर मोठ्याने बोला: एकूण, बाद, गोलंदाजाच्या धावा. शेजारी मोबाईलवर असला तरी त्याला उत्तर द्यायला लावा. आणि चेंडू डेड झाला की आधी पंचांकडे बघा, मग पेन टेकवा. मला ही सवय लागायला एक अख्खा मोसम गेला.

वहीवाली स्कोअरर:
आत्ता वही उघडली. फलंदाजांचे 116, अवांतर 15, एकूण 131. गोलंदाजांवर 125, त्यांच्या नावावर न लागणारे बाय-लेग बाय 6, पुन्हा 131. अगदी तुम्ही म्हणता तसंच, चुकीचा आकडा दोन्हीकडून जुळलाय.

शनिवारी पुन्हा तोच मोबाईलवाला शेजारी आहे. त्याला आजच कळवलंय की ओव्हर संपली की मी आकडा म्हणणार आणि त्याने "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढचा चेंडू लिहिणार नाही. तो लगेच हो म्हणाला. त्यालाही त्या टायचं वाईट वाटलंय.