उर्वशी यांची तमिळ-मल्याळम कारकीर्द : अभ्यासाला सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. सांगलीत आमचा एक छोटा अभिनय-अभ्यासगट आहे. एका वेळी एकाच कलावंताचे काम सलग पाहायचे आणि मग त्यावर बोलायचे, अशी आमची पद्धत आहे. पुढच्या बैठकांसाठी आम्ही अभिनेत्री उर्वशी यांची निवड केली आहे. केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार १९८९, १९९० आणि १९९१ असा सलग तीन वर्षे मिळवणाऱ्या आणि पुढे १९९५, २००६ व २०२३ या वर्षांसाठीही तोच मान मिळवणाऱ्या या अभिनेत्रीला आपल्याकडचे बहुतेक प्रेक्षक केवळ 'सूर्याची आई' (तमिळ अभिनेता सूर्या याची पडद्यावरची आई) म्हणून ओळखतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. गटातील काहींचे म्हणणे असे की, विनोदी भूमिका बाजूला ठेवून फक्त गंभीर चित्रपट पाहावेत. आपणांस काय वाटते? आणि सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी?

उत्तर : मिरजकर

विनोदी भूमिका बाजूला ठेवल्या, तर त्यांच्या अभिनयाचा पायाच हातातून निसटेल, असे माझे ठाम मत आहे. सुरुवात 'मुंदाणै मुडिच्चु' (१९८३) या तमिळ चित्रपटापासूनच करावी. के. भाग्यराज यांच्या या चित्रपटाच्या वेळी उर्वशी जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. गावात आलेल्या विधुर शिक्षकावर मन जडलेली परिमळम त्याच्या तान्ह्या मुलाला ओलांडून खोटी शपथ घेते आणि भर पंचायतीत त्याला लग्नाला भाग पाडते. ही कृती क्षमा करण्यासारखी नाही, तरीही पुढचा सगळा वेळ प्रेक्षक तिच्या बाजूने उभा राहतो. या कथेवरून हिंदीत 'मास्टरजी' (१९८५) निघाला व त्यात ही भूमिका श्रीदेवी यांनी केली. जमल्यास दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचे सूत्र इथेच सापडते. प्रेक्षकाला आपण आवडावे, ही नायिकेची नेहमीची चिंता त्यांनी फार लवकर सोडून दिली. सत्यन अंतिक्काड यांच्या 'तलयणमंत्रम्' (१९९०) मधली कांचना जावेचा मत्सर करते, एकत्र कुटुंबात काड्या घालते, नवऱ्याला वेगळे बिऱ्हाड करायला लावते आणि शेजारच्या श्रीमंत घरांशी बरोबरी करण्याच्या हव्यासापायी त्याला कर्जात बुडवते. लेखन श्रीनिवासन यांचे आहे आणि नवऱ्याची भूमिकाही त्यांचीच आहे. दुसऱ्या एखाद्या अभिनेत्रीने या बाईला खलनायिका केले असते किंवा 'मनाने चांगली आहे हो' असे सुचवत तिची धार बोथट केली असती. उर्वशी यांनी यातले काहीच केले नाही. कांचनाला स्वतःचे म्हणणे शंभर टक्के रास्त वाटते, आणि त्या खात्रीतूनच हसूही येते व धास्तीही वाटते. विनोदासाठी त्या वेगळे तोंड करत नाहीत. हे एकदा नीट पाहिले, की 'विनोदी' आणि 'गंभीर' असे कप्पे पाडण्याची गरज उरत नाही.

त्यांचे वडील चवरा व्ही. पी. नायर आणि आई विजयलक्ष्मी हे दोघेही रंगभूमीवरचे कलावंत होते आणि कलारंजिनी व कल्पना या बहिणीही अभिनेत्रीच झाल्या. विष्णुदास भाव्यांच्या गावातल्या आपल्या गटाने हा धागा अवश्य विचारात घ्यावा.

उत्तर : वारणाकाठची

मिरजकरांशी सहमत आहे. तमिळमधून 'मैकल मदन काम राजन' (१९९०) वगळू नये. कमल हासन यांच्या चार भूमिका असलेल्या या चित्रपटात बाकी कोणाला जागा मिळणेच कठीण होते. तरीही पालक्काडच्या आचाऱ्यावर जीव जडलेली त्यांची तिरुपुरसुंदरी ठळकपणे लक्षात राहते.

मला अधिक सांगायचे आहे ते 'उळ्ळोळुक्कु'बद्दल. ख्रिस्तो टॉमी यांचा हा मल्याळम चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या कुट्टनाडमध्ये पुराचे पाणी घरात शिरले आहे, मुलाचे निधन झाले आहे आणि पाणी ओसरेपर्यंत दफन करता येत नाही. घरात सासू लीलाम्मा आणि सून अंजू (पार्वती तिरुवोतु) आहेत, आणि दोघींनीही एकमेकींपासून काही ना काही लपवलेले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी फुटाफुटाने वाढल्याचे ऐकत ज्यांनी सामान माळ्यावर चढवले, त्यांना त्या घरातले वावरणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पाण्यातून चालताना उर्वशी घाई करत नाहीत, कारण लीलाम्माला त्या पाण्याची आयुष्यभराची सवय आहे. दुःख त्या चेहऱ्यावर मांडून ठेवत नाहीत. आधी घर सावरतात, माणसांना सांभाळतात आणि मध्येच क्षणभर थबकतात. ते थबकणे गटाने पुन्हा पुन्हा पाहावे.

कृष्णाकाठ (सांगली)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. 'उळ्ळोळुक्कु'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सहायक अभिनेत्रीचा, ही गोष्ट आमच्या गटात अनेकांना खटकली.

उत्तर : मिरजकर

ती त्यांनाही खटकली होती. 'अच्चुविंटे अम्मा' (२००५) साठीही त्यांना सहायक अभिनेत्रीचाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. काही वर्षांच्या खंडानंतर त्या ज्या चित्रपटातून मल्याळममध्ये परतल्या, तो हाच. २०२५ मध्ये दुसऱ्यांदा, गुजराती चित्रपटातील जानकी बोडीवाला यांच्यासमवेत विभागून, तोच पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा भूमिका मुख्य की सहायक हे कोणत्या निकषावर ठरते, असा प्रश्न त्यांनी जाहीरपणे विचारला. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटतो. लीलाम्माला वगळल्यास त्या कथेत उरते काय? राज्य पुरस्काराच्या परीक्षकांनी त्यांना त्याच भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवले होतेच.

उत्तर : अजिंक्यतारा (सातारा)

थोडे 'सूर्याच्या आई'विषयी, कारण ती ओळख मला कमीपणाची वाटत नाही. सुधा कोंगरा यांच्या 'सूररै पोट्रु' (२०२०) मध्ये वडील अत्यवस्थ असताना मुलाला विमानाच्या तिकिटाचे पैसे कमी पडतात आणि तो घरी पोचेपर्यंत सगळे आटोपलेले असते. दारात आलेल्या मुलाला पाहून आई रडत रडत त्याला बडवते. त्या मारण्यात राग मुलावरचा आहे, नवऱ्याच्या जाण्यावरचा आहे आणि गरिबीवरचाही आहे, आणि यांतला एकही दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. हिंदीतल्या 'सरफिरा' (२०२४) मध्ये कथा महाराष्ट्रात आणली आहे आणि आईची भूमिका सीमा बिस्वास यांनी केली आहे. दोन समर्थ अभिनेत्रींनी केलेला हा एकच प्रसंग लागोपाठ पाहायला मिळणे दुर्मीळ आहे, म्हणून त्यासाठी एक बैठक स्वतंत्र राखावी. मूळ चित्रपट तमिळ आवाजातच, उपशीर्षकांसह पाहावा. डब केलेल्या प्रतीत त्यांचा आवाज नसेल, आणि त्या प्रसंगातला निम्मा अभिनय आवाजात आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

सूचना तंतोतंत मान्य आहे. पहिल्या बैठकीला 'तलयणमंत्रम्', त्यानंतर 'मुंदाणै मुडिच्चु' आणि 'मास्टरजी'मधील पंचायतीचे प्रसंग शेजारी ठेवून, आणि मग 'उळ्ळोळुक्कु', असा क्रम ठरवत आहे. आई आणि मुलाच्या त्या प्रसंगाची बैठक शेवटी घेऊ. अजिंक्यतारा, आपण त्या दिवशी साताऱ्याहून येऊ शकलात, तर गटाला फार आनंद होईल.