ताफ्यात जहाजं आदळली तर भरपाई कुणी द्यायची?

नवीपेठकर : सोलापुरात बसून बोटींच्या गप्पा, हसा खुशाल. २ ऑक्टोबर १९४२, आयर्लंडच्या उत्तरेला 'क्वीन मेरी' ही प्रचंड प्रवासी बोट सुमारे दहा हजार अमेरिकी सैनिक घेऊन चालली होती. पाणबुडीला नेम धरता येऊ नये म्हणून नागमोडी. राखणीला ब्रिटिश नौदलाची क्रूझर, म्हणजे युद्धनौका, 'क्युरासोआ'. ती क्वीन मेरीच्या पुढ्यात आली आणि मधोमध चिरली गेली. तीनशेहून जास्त माणसं गेली. माझ्या मते सगळा दोष राखणदाराचा. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या मिरवणुकीत उंच, जड नंदीध्वज पेललेल्यानं वाट द्यायची की बाजूच्यांनी?

होटगी रोडचा वकील : नंदीध्वज सरळ चालतो ओ! इथं मोठी बोटच दर थोड्या मिनिटांनी वळत होती. १९४७ ला पहिल्या कोर्टानं तुमच्यासारखंच म्हटलं. अपिलात फिरलं : दोन तृतीयांश दोष नौदलाचा, एक तृतीयांश क्वीन मेरीच्या कंपनीचा. १९४९ ला हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टानं, तेच कायम केलं.

नवीपेठकर : नागमोडीचा नमुना आधीच ठरलेला होता. राखणदाराला माहीत नको?

होटगी रोडचा वकील : हवाच, म्हणून तर त्याच्यावर दोन वाटे. पण दोन्ही कप्तान 'समोरचा सरकेल' म्हणत राहिले. क्रूझरवाला म्हणे, मागून गाठणाऱ्यानं टाळायचं. क्वीन मेरीवाला म्हणे, राखणदारानं दूर राहायचं.

जुना खलाशी : मी बोटीवर काम केलंय, वकीलसाहेब. कागदावर वाटे पाडणं सोपं. ताफ्यात कमोडोरच्या, म्हणजे ताफ्याच्या प्रमुखाच्या, हुकमानं जागा धरायची, युद्धात दिवेही मालवलेले. हुकूम पाळणाऱ्याला नंतर दोषी धरणं मला पटत नाही.

होटगी रोडचा वकील : काका, १९७२ च्या टक्करविरोधी नियमांत ताफ्याला सवलत आहे ती जादा दिवे, खुणा, शिट्ट्यांपुरती. नजर ठेवायची जबाबदारी सुटत नाही. सुएझमध्येही बोटी ताफ्यानंच जातात. वाट दाखवणारा पायलट बोटीवर चढतो, तरी जबाबदारी कप्तानाकडेच राहते.

जुना खलाशी : सुएझमध्ये पाणबुडी नसते. त्या दिवशी क्वीन मेरी बुडणाऱ्यांसाठी थांबलीसुद्धा नाही, थांबायची मुभाच नव्हती.

नवीपेठकर : हे मान्य. पण आपल्या हायवेवर उसाची ट्रॉली रात्री बिनलाईटची उभी असते. मागून धडकणाऱ्याची चूक धरतातच, ट्रॉलीवाल्याला सोडता का?

होटगी रोडचा वकील : नाही सोडत. मग अहो, क्वीन मेरीला कसं पूर्ण सोडता?

नवीपेठकर : …एक चतुर्थांश. एक तृतीयांश जास्तच वाटतो मला.