खांदा बरा झाला, तलावात रोलही जमतो. मग रॅपिडमध्ये हात स्कर्टकडे का जातो?

संथधार

नमस्कार. गेली सहा वर्षे मी खळाळत्या पाण्यात कयाक चालवतो आहे. श्रेणी ३ च्या रॅपिडमध्ये (रॅपिड म्हणजे नदीचा वेगवान, खळाळता टप्पा; श्रेणी जितकी वरची तितका तो अवघड) मी निर्धास्त असे आणि सोबत चांगली असेल तर श्रेणी ४ मध्येही उतरत असे. पाच महिन्यांपूर्वी अशाच एका श्रेणी ४ च्या रॅपिडमध्ये, पाण्याखाली दडलेल्या खडकावरून उतरताना माझी कयाक आडवी झाली आणि खडकाच्या पायथ्याशी असलेल्या होलमध्ये, म्हणजे नावेला धरून ठेवणाऱ्या उलट फिरत्या पाण्यात, अडकली. उलटू नये म्हणून मी उजवीकडे वल्ह्याचा आधार घ्यायला गेलो. पण वल्हे छातीसमोर राहण्याऐवजी डोक्याच्या वर आणि मागे गेले, आणि पाण्याने हात तसाच मागे ओढून नेला. खांदा निखळला तेव्हा वेदनेच्या आधी, हा हात आता आपला राहिला नाही, एवढीच जाणीव झाली. कयाक उलटली, डाव्या हाताने स्कर्टचा (नावेत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती बसवलेल्या आवरणाचा) पट्टा ओढून मी बाहेर पडलो, होलने मला दोनदा खाली नेऊन वर आणले आणि तिसऱ्यांदा डोके वर आले तेव्हा सोबत्याने फेकलेल्या थ्रो बॅगची दोरी डाव्याच हाताला लागली.

शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. फिजिओथेरपीचे सांगितलेले सर्व व्यायाम मी न चुकता केले आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरण्याची परवानगीही दिली. तलावाच्या स्थिर पाण्यात वीस वेळा उलटलो तर वीसही वेळा रोल करून, म्हणजे नावेत बसूनच ती वल्ह्याने सरळ करून, वर येतो. मात्र गेल्या महिन्यात श्रेणी २ आणि ३ च्या पाण्यात तीन दिवस उतरलो, एकूण चारदा उलटलो, आणि चारही वेळा रोलचा प्रयत्न न करताच बाहेर आलो. मी तसे ठरवतो असे म्हणता येत नाही, कारण वल्ह्याचे पाते पाण्याखाली कुठे आहे हे समजायच्या आत माझी बोटे पट्ट्याच्या टोकाला असलेल्या प्लॅस्टिकच्या गोळीवर पोहोचलेली असतात.

हे भय आहे की कौशल्य गमावल्याचे लक्षण आहे, हे मला उमगत नाही. दुसरा प्रश्न अधिक अवघड वाटतो. आम्हा चौघांची एक मोहीम ठरलेली आहे आणि तिच्यात श्रेणी ४ चे तीन रॅपिड आहेत. सोबत्यांना हे सर्व सांगावे, की तोपर्यंत सराव करून प्रश्न मिटण्याची वाट पाहावी?

कातळधार

मी बरीच वर्षे नवशिक्यांना कयाक शिकवतो, त्यामुळे रोलपुरते लिहितो.

तलावातला रोल आणि रॅपिडमधला रोल या दोन वेगळ्या कृती आहेत असे मानूनच विचार करावा. तलावात उलटताना तुम्ही श्वास भरून घेता, वल्हे कडेला लावता आणि ठरलेल्या बाजूने उलटता, म्हणजे अर्धा रोल पाण्याबाहेरच झालेला असतो. रॅपिडमध्ये श्वास अर्धवट असतो, वल्हे कुठेही असते आणि प्रवाह नावेला ओढत असतो. त्यात भर म्हणजे वरचे फेसाळ पाणी हवेने भरलेले असल्यामुळे वल्ह्याच्या पात्याला तिथे पुरेसा आधार मिळत नाही. घाईने मारलेला पहिला हात त्या फेसात पोकळ जातो, आणि पोकळ गेलेल्या हाताची आठवण पुढच्या वेळी बोटांना थेट स्कर्टकडे नेते.

म्हणून उलटल्यावर पहिले काम रोल करणे हे नसून गोळा होणे हे आहे. कपाळ नावेच्या पुढच्या भागाकडे झुकवावे, दोन्ही हात नावेच्या कडेला भिडवावेत आणि मनात तीन मोजावेत. त्यामुळे चेहरा आणि खांदा खडकांपासून वाचतात, प्रवाहाचा पहिला झटका ओसरतो आणि बहुतेक वेळा नाव फेसाच्या पट्ट्यातून पुढे सरकलेली असते. डोळे उघडे ठेवले तर हे दिसतेही. आधी सगळीकडे पांढरे बुडबुडे असतात, मग ते विरळ होतात आणि पाणी हिरवट दिसू लागते. त्या हिरवट पाण्यात पाते धरते. पुढचे काम कमरेचे आहे. नाव कमरेच्या झटक्याने सरळ करायची आणि डोके सर्वांत शेवटी पाण्याबाहेर आणायचे. डोके आधी उचलले की सगळा भार हातावर येतो, आणि तुमच्या बाबतीत तो हात कोणता, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

सरावासाठी श्रेणी २ च्या रॅपिडखालची अशी जागा निवडा, जिथे मुख्य प्रवाह आणि खडकामागची एडी (संथ, उलट वळणारे पाणी) यांच्यामधली रेघ स्पष्ट दिसते आणि खाली लांबवर खोल, मोकळे पाणी आहे. त्या रेघेवर मुद्दाम उलटा. पुढे वल्हे चुकीच्या हातात, चुकीच्या बाजूला ठेवून उलटा आणि त्यानंतर सोबत्याला, तुम्हाला पूर्वसूचना न देता, नाव उलटवायला सांगा. काठावर कोणाला तरी घड्याळ घेऊन उभे करा. माझे विद्यार्थी पाण्याखाली पंधरा-वीस सेकंद होतो असे शपथेवर सांगतात, आणि घड्याळात पाच किंवा सहा सेकंद भरलेले असतात. तो आकडा स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर पुढच्या वेळी तीन मोजणे पुष्कळ सोपे जाते.

स्नायुबंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः डोंगरवाटांवर लांब पल्ल्याचे धावते. कातळधार यांचे म्हणणे मला पटते, पण तुमच्या वर्णनातील एका गोष्टीवर थांबणे आवश्यक वाटते.

खांदा बहुतांश वेळा पुढच्या बाजूला निखळतो, आणि तो निखळण्याची ठरावीक स्थिती म्हणजे दंड बाजूला उचललेला आणि बाहेर, मागच्या दिशेने वळलेला. तुमचे वल्हे डोक्याच्या वर आणि मागे गेले तेव्हा हात नेमका त्याच स्थितीत होता. अशा वेळी सांध्याच्या खोबणीभोवतालची कूर्चेची कड आणि पुढचे अस्थिबंध ताणले किंवा फाटले जातात. वेदना गेल्यावरही तिथली दुखापत उरलेली असू शकते, आणि एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका तरुण वयात अधिक असतो.

आता मुख्य मुद्दा. खांद्याची तपासणी करताना आम्ही रुग्णाला उताणे झोपवून दंड शरीराशी काटकोनात आणतो आणि हात हळूहळू बाहेर वळवतो. सांधा अस्थिर असेल तर रुग्ण दुखते असे म्हणत नाही. तो चेहरा आक्रसतो, स्नायू आवळतो आणि हात धरून ‘नको’ म्हणतो. त्या ‘नको’ला वैद्यकात लक्षणाचा मान आहे. ज्याला तुम्ही भय म्हणता ते मनाचे नसून खांद्याने दिलेला खरा इशारा असण्याची शक्यता आहे, कारण उजव्या बाजूच्या रोलचा शेवट हात बाजूला उघडून होतो आणि तेव्हा दंड त्या धोक्याच्या स्थितीच्या अगदी जवळ पोहोचतो. स्थिर पाण्यात हाताला मागे ओढणारे काही नसते म्हणून शरीर परवानगी देते. वाहत्या पाण्यात तसे नसते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो.

यासाठी दोन गोष्टी करून पाहा. पहिली, वर सांगितलेली तपासणी खांद्याचा अनुभव असलेल्या व्यक्तीकडून करून घ्या आणि तिला वल्हे मारण्याची हालचाल करून दाखवा. शर्ट घालता येणे आणि होलमध्ये आधार घेता येणे यांत फार अंतर आहे. दुसरी, नदीवर डाव्या बाजूने रोल करून पाहा. तेव्हाही बोटे तितक्याच वेगाने स्कर्टकडे गेली, तर प्रश्न बुडण्याच्या भयाचा आहे असे समजावे. गेली नाहीत, तर खांदा बोलतो आहे आणि त्याला दामटून गप्प करू नये.

जुनेवल्हे

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण पहिल्याबद्दल वरच्या दोघांनी माझ्याहून चांगले लिहिले आहे. सोबत्यांना आजच सांगा.

तुम्ही पाण्यात पडलात तर दोरी घेऊन खडकावर उभे राहणारे तेच तिघे आहेत. गट उतरण्याआधी कोण पुढे जाईल, कोण काठावर थांबेल, थ्रो बॅग कोणत्या वळणावर हवी, हे सर्व कोणाचा रोल किती भरवशाचा आहे यावर ठरते. तुमचा रोल पक्का आहे असे धरून त्यांनी आखणी केली आणि तो नसेल, तर चुकीच्या जागी उभा असलेला माणूस तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. शिवाय स्कर्ट ओढून बाहेर पडणे श्रेणी ४ मध्ये सुरक्षित नसते. वाहत्या पाण्यात उभे राहायचा प्रयत्न केला आणि पाय दोन दगडांत अडकला, तर कमरेइतक्या पाण्यातही माणूस बुडतो. पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ ठेवून पाठीवर तरंगणे आपण सर्वांना पहिल्या दिवशी शिकवतो. पण निखळलेल्या खांद्याने पोहून एडी गाठणे ही वेगळीच कसोटी आहे.

माघार घेणे किंवा वाट पाहणे यात कमीपणा वाटत असेल, तर तिबेटमधील त्सांगपो नदीच्या खोल घळीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये त्या घळीत उतरलेल्या तुकडीतील डग गॉर्डन हे अत्यंत कसलेले कयाकपटू होते. नदीला त्या वर्षी फार मोठे पाणी होते. काठालगतच्या साधारण ८ फुटांच्या एका उडीनंतर ते उलटले, रोल झाला नाही, मुख्य प्रवाहाने त्यांना खेचून नेले आणि ते पुन्हा सापडले नाहीत. २००२ मध्ये स्कॉट लिंडग्रेन यांच्या तुकडीने त्याच नदीची वरची घळ पार केली, ती हिवाळ्यातले कमी पाणी निवडून आणि जिथे उतरणे शक्य नव्हते तिथे नावा खांद्यावर घेऊन कड्यांवरून चालत जाऊन. ८ फूट ही उंची त्या माणसासाठी काहीच नव्हती, आणि म्हणूनच ही घटना मला इतक्या वर्षांनंतरही अस्वस्थ करते.

कयाकपटू टायलर ब्रॅट यांनी २००९ मध्ये अमेरिकेतील पलूस धबधब्यावरून १८९ फुटांची उडी घेतली, हे सर्वांना माहीत असते; पुढे २०११ मध्ये त्याहून पुष्कळ लहान धबधब्यावर त्यांच्या पाठीचा मणका मोडला, हे फारसे सांगितले जात नाही. फ्रेंच कयाकपटू नूरिया न्यूमन २०१८ मध्ये लडाखमधील त्सराप, झंस्कार आणि सिंधू या नद्यांवर एकटीने ३७५ किलोमीटर गेल्या, आणि त्याच प्रवासात त्सरापमध्ये त्या बुडता बुडता वाचल्या. तो प्रसंग त्यांनी पुढे उघडपणे सांगितला. अशी माणसे स्वतःची चूक चारचौघांत सांगतात, म्हणून इतरांना शिकता येते.

एरिक वाइहेनमायर यांचीही आठवण येते. दृष्टी नसताना २००१ मध्ये एव्हरेस्टचे शिखर गाठलेल्या या गिर्यारोहकाने नंतर कयाक शिकायला घेतली आणि २०१४ मध्ये ग्रँड कॅन्यनमधील २७७ मैलांचा कोलोरॅडोचा प्रवाह पार केला. त्यांच्या मागे-पुढे सतत वाटाडे असत आणि दिशा शब्दांनी सांगत असत. काय दिसत नाही, हे सोबत्यांना पूर्ण ठाऊक असल्याशिवाय असा प्रवास होऊच शकत नाही. तुमच्या बाबतीत ‘काय दिसत नाही’ याच्या जागी ‘कोणता हात भरवशाचा नाही’ एवढेच ठेवा.

संथधार

तिघांचेही मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण आधी करून पाहावे आणि मग लिहावे असे ठरवले होते.

स्नायुबंध यांनी सांगितलेली तपासणी करून घेतली. हात काटकोनापलीकडे वळवताच मी तपासणाऱ्यांचे मनगट डाव्या हाताने घट्ट पकडले, आणि आपण ते पकडले आहे हे मला त्यांनी सांगितल्यावर कळले. स्कर्टच्या गोळीवर बोटे जातात तसेच ते घडले. खांद्याच्या मागच्या स्नायूंसाठी आणखी आठ आठवड्यांचे व्यायाम दिले आहेत आणि तोवर श्रेणी ३ च्या वर जाण्यास मनाई आहे.

सोबत्यांना त्याच दिवशी सांगितले. मोहीम रद्द झालेली नाही. श्रेणी ४ च्या तिन्ही रॅपिडना मी नाव खांद्यावर घेऊन, अर्थात डाव्या खांद्यावर, काठाने चालत जाणार आहे आणि खालच्या एडीजवळ थ्रो बॅग घेऊन उभा राहणार आहे. आमच्यातील एकाने तेव्हा कबूल केले की त्यालाही मधला रॅपिड नको होता, पण मी काहीच बोलत नाही म्हणून तो गप्प होता.

रोलबद्दल सांगायचे तर कातळधार यांच्या सूचनेप्रमाणे श्रेणी २ च्या रॅपिडखाली, एडीच्या रेघेवर डाव्या बाजूने सहा वेळा उलटलो. पहिल्या वेळी बोटे गोळीवर गेली, पण पट्टा ओढला नाही. पुढच्या पाचांपैकी चार वेळा तीन मोजून, पाणी हिरवट होताना पाहून वर आलो. काठावरच्या घड्याळानुसार सर्वांत लांब वेळ सात सेकंदांची होती. मला ती अर्ध्या मिनिटाची वाटली होती.

एकच शंका उरली आहे. आठ आठवड्यांनी उजव्या बाजूचा रोल पुन्हा सुरू करीन तेव्हा वल्ह्याच्या पात्याचा कोन बदलावा का?

कातळधार

कोनाची चिंता नंतर करावी. आधी कोपराकडे लक्ष द्यावे. पाते बाजूला सरकत असताना हात त्याच्यामागे एकटा जाऊ देऊ नये, छाती त्याच्याबरोबर वळवावी. छाती आणि वल्हे सतत समोरासमोर राहिले तर हात डोळ्यांच्या पुढेच राहतो आणि कोपर बरगड्यांपासून फार दूर जात नाही. हे अंगवळणी पाडण्यासाठी उजव्या काखेत घडी केलेला टॉवेल धरून तलावात रोल करा. टॉवेल पाण्यात सुटला तर हात लांब गेला असे समजावे. तो सलग दहा वेळा काखेत राहिला की नदीवर या.