मार्चमध्ये सिद्धगडच्या खोऱ्यात जावं का? डोंगरावर काळे पट्टे दिसतायत

घोडबंदरकर: मंडळी, येत्या शनिवारी आम्ही चौघं सिद्धगडला जायचं म्हणतोय, कल्याण-मुरबाड-म्हसा-नारिवली करून, पण मित्राने पाठवलेल्या फोटोत धारेवर काळे पट्टे आहेत नि खाली शेतात धूर. कॅन्सल करू का? गर्दी नसलेली दुसरी जागा असली तरी चालेल, फक्त माळशेज नको, शनिवारी तिथली जत्रा बघवत नाही.

मुरबाडचा भाचा: आधी काय जळतंय ते बघा. धारेने किंवा रस्त्याकडेने सरळ पट्टा असेल तर ती फॉरेस्टची जाळरेषा, मुद्दाम जाळून ठेवतात म्हणजे पुढे वणवा आला तर त्याला तिथे गवतच मिळत नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून वणव्याचा सीझन धरतात, हे काम त्याआधी उरकायचं असतं. शेतातला धूर म्हणजे राब, शेण पाला गवत रचून वर माती टाकून भाताच्या रोपांची जागा भाजतात, आमचे मामा वारा पडल्याशिवाय काडी लावत नाहीत. पण चढावर वाकडीतिकडी सरकत जाणारी आग दिसली तर घरी बसा.

ऐरोलीची स्वाती: सगळेच मामा इतके शहाणे नसतात हो 😀 बांधावरची ठिणगी रानात जातेच, आणि गवत चांगलं येतं म्हणून डोंगर पेटवणारेही आहेत. पण ट्रेकवाल्यांनी तरी चूल, स्टोव्ह, सिगरेट नेऊ नये, ते भीमाशंकर अभयारण्य आहे आणि राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. कपडे कॉटनचे घाला, ड्रायफिट वितळून अंगाला चिकटतं.

खारघरचा भटक्या: एफएसआयच्या (भारतीय वन सर्वेक्षण) वन अग्नी पोर्टलवर आदल्या रात्री बघून घ्या, सॅटेलाइटला दिसलेली आग कळते, पण एक ठिपका साधारण ३७५ मीटरचा, त्यामुळे नेमकी जागा नाही समजत आणि मोठा राबसुद्धा वणवा वाटू शकतो, म्हणून वाडीत फोन केलेला बरा. पहाटे चढा नि दुपारच्या आत खाली या. ऊन तापलं की दरीतला वारा वर चढतो आणि आग चढावर पळते, तेव्हा आग दिसली की वर पळायचं नाही, आडवं किंवा खाली, नाहीतर जळून गार झालेल्या जागेत जायचं. वनखात्याच्या हेल्पलाइनला, १९२६ वर कळवा. जाळरेषेवरून चालायला सोप्पं वाटतं पण राखेखाली बुंधे धुमसत असतात, पाय जपून. एकांतच पाहिजे तर खोपिवलीतून आहुपे घाट भारी, पण आत्ता वाळलेलं गवत आहे, मी तरी डिसेंबरलाच जाईन.

मुरबाडचा भाचा: +१. आणि हुतात्मा स्मारकापाशी थांबा, स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलातच हुतात्मा झाले.

घोडबंदरकर: मस्त, मग शुक्रवारी रात्री पोर्टल बघतो आणि पहाटे ४ ला ठाणे सोडतो. वाडीत जेवणाचं आधी सांगावं लागतं का?

मुरबाडचा भाचा: आदल्या दिवशी सांगा. पाणी मात्र माणशी ४ लिटर घरूनच न्या.