‘मिमेसिस’ला ‘अनुकरण’ म्हणावे का?

धागाकर्ता
ग्रीक साहित्यविचारातल्या ‘मिमेसिस’साठी, म्हणजे काव्य, नाट्य किंवा चित्र यांत जगाचे रूप उभे करण्याच्या कल्पनेसाठी, आपण सर्रास ‘अनुकरण’ लिहितो आणि ॲरिस्टॉटल वाचण्याआधीच त्याच्याविरुद्ध कौल देऊन बसतो, अशी माझी तक्रार आहे. ‘आंधळे अनुकरण’ आपल्या इतके तोंडी बसले आहे, की या शब्दाला कमीपणा चिकटलेलाच असतो. ‘मिमेसिस’चे नाते मात्र ‘मिमोस’शी, म्हणजे सोंग वठवणाऱ्या नटाशी आहे. ग्रीक देव अपोलोच्या प्राचीन स्तोत्रात डेलॉस बेटावरच्या मुली सगळ्या लोकांचे बोलणे असे हुबेहूब उठवतात, की ऐकणाऱ्याला वाटावे, हा मीच बोलतो आहे. तिथे कवीने याच शब्दाचे क्रियापद वापरले आहे, आणि ते निखळ कौतुकाने. म्हणून ‘अनुकृती’ हा शब्द मला अधिक योग्य वाटतो.

प्रतिसाद १
असहमत. ‘रिपब्लिक’च्या 10व्या भागात प्लेटोने पलंगाचा दाखला दिला आहे: एक पलंग ईश्वराने घडवलेला, म्हणजे पलंगपणाचे मूळ रूप, दुसरा सुताराने केलेला, आणि तिसरा चित्रकाराचा, तोही एका बाजूने दिसला तेवढाच. इथे कमीपणा ग्रीक शब्दालाच चिकटला आहे, आणि तरीही ॲरिस्टॉटलने तोच शब्द उचलला. आपण तो सौम्य केला तर गुरुशिष्यांमधला वादच पुसला जाईल. शिवाय ‘अनुकृती’ आणि ‘अनुकरण’ यांचा धातू एकच आहे.

प्रतिसाद २
भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाट्याला ‘लोकवृत्तानुकरण’ म्हटले आहे आणि त्यात हेटाळणीचा लवलेशही नाही. पुढे नाट्यशास्त्राचा भाष्यकार शंकुक याने चित्रातल्या घोड्याचे उदाहरण देऊन (चित्र पाहून ‘हा घोडा’ वाटते, तसा नट पाहून ‘हा राम’ वाटतो) रस म्हणजे अनुकरण असे मांडले, तेव्हा नंतरचे भाष्यकार अभिनवगुप्त यांनी आपले गुरू भट्टतौत यांच्या आधारे ते खोडून काढले: रामाला कोणी पाहिलेच नाही, तर नट अनुकरण कोणाचे करणार? दुसऱ्याची नक्कल केली की हसू येते, असेही त्यांचे म्हणणे होते. तेव्हा धागाकर्त्यांना खटकणारी छटा सुमारे 1000 वर्षांपूर्वीही जाणवत होती.

धागाकर्ता
धातूचा मुद्दा मान्य आहे. ‘अनुकृती’चा आग्रह मी सोडतो. पण ‘पोएटिक्स’च्या 4थ्या प्रकरणात ॲरिस्टॉटल म्हणतो, की प्रेत किंवा किळसवाणे प्राणी प्रत्यक्षात पाहवत नाहीत, मात्र त्यांचे नेमके चित्र आपण आनंदाने न्याहाळतो, कारण ‘हा तोच’ अशी ओळख पटते. ही ओळख पटण्याची गोडी ‘अनुकरणा’त कुठेच नाही. म्हणून नाम ‘मिमेसिस’ असेच ठेवावे आणि क्रियापद ‘वठवणे’ घ्यावे. मराठीत सोंग वठते, भूमिका वठते, तसे चित्रही वठते.

प्रतिसाद १
‘वठवणे’ सुंदर आहे, आणि डेलॉसच्या मुलींना तर ते नेमके लागू पडते. अडचण एवढीच, की वठले म्हणजे साधले. चित्रकाराचा पलंग कितीही साधला तरी तो सत्यापासून दूरच राहतो, हे प्लेटोचे म्हणणे या क्रियापदाने मांडता येत नाही. तिथे मी ‘अनुकरण’च लिहीन.